सहावीला मिडल स्कूल: टीम कशी ठरते आणि फॉर्मवर नक्की काय लिहायचं?

मेघना_जर्सी

नमस्कार मंडळी. अमेरिकेत ज्यांची मुलं मिडल स्कूलला आहेत किंवा तिथून पुढे गेली आहेत त्यांच्याकडून माहिती हवी आहे, आणि कोणी शाळेत शिकवत असेल तर फारच बरं.

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो. लेक येत्या सप्टेंबरला सहावीत जाईल, म्हणजे शाळाच बदलणार. गावातल्या तीन एलिमेंटरी शाळांची मुलं एकाच मिडल स्कूलला येतात आणि तिथे प्रत्येक इयत्तेत दोन टीम असतात. एका टीमला मॅथ, सायन्स, सोशल स्टडीज आणि लँग्वेज आर्ट्स असे चार शिक्षक, आणि मूल ज्या टीममध्ये पडेल त्या चौघांकडेच वर्षभर. दुसऱ्या टीममधल्या मुलांशी गाठ पडली तर बसमध्ये नाहीतर लंचला, आणि लंचचंही नक्की नाही म्हणे.

परवा एक फॉर्म आलाय. वरच ठळक अक्षरात लिहिलंय की कुठल्याही शिक्षकाचं किंवा टीमचं नाव घेऊन मागणी करू नका, धरली जाणार नाही. खाली रिकामी जागा आणि एकच प्रश्न, तुमच्या मुलाबद्दल आम्हाला काय माहीत असावं. दोन दिवस तो फॉर्म उघडून ठेवलाय पण काय लिहू तेच सुचत नाहीये.

थोडं तिच्याबद्दल सांगते. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा ती तिसरीत होती. पुण्यात तुकडी असायची, सकाळपासून शाळा सुटेपर्यंत तीच मुलं, बाई फक्त बदलायच्या. इथे एलिमेंटरीला तर एकच वर्ग एकच टीचर. आता एकदम दर ४२ मिनिटांनी खोली बदलायची, लॉकर, ए-डे बी-डे (एक दिवसाआड वेगळं वेळापत्रक), सात-आठ शिक्षक. ईएसएलमधून (इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गातून) ती गेल्या वर्षी बाहेर पडली, वाचन भरपूर आहे पण वर्गात बोलत नाही. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते आणि ते सोडायला अजिबात तयार नाही. मॅथला अ‍ॅक्सलरेटेडमध्ये, म्हणजे जास्त वेगाने शिकवतात त्या वर्गात, नाव आलंय. आणि जवळची मैत्रीण एकच आहे, तिच्याशिवाय शाळेची कल्पनाच तिला करता येत नाही.

त्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाललंय की दोनपैकी एक टीम चांगली, गेल्या वर्षी सगळी हुशार मुलं तिकडेच होती, त्यामुळे आत्ताच प्रिन्सिपॉलला मेल करा नाहीतर उशीर होईल. हे खरं असतं का? टीम कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि आपण सांगितलेल्याचा काही उपयोग होतो का? मैत्रिणीचं लिहू की नको?

अनिकेत_डॅलस

मेघना, आमच्याकडे दोघं या चक्रातून गेलेत म्हणून माझ्यापुरतं सांगतो, इथलं टेक्सासचं थोडं वेगळं असू शकतं.

मैत्रिणीचं जरूर लिही, पण एकच नाव लिही. आमच्या ओळखीतल्या एका आईने पाच नावं दिली होती, शाळा अशी यादी बघून बाजूला ठेवते कारण त्या पाचांच्या आयांनीही आपापली पाच-पाच दिलेली असतात आणि सगळ्यांचं जमवायचं तर अख्खी टीम पालकांनीच ठरवल्यासारखं होईल. एका नावाचं जमून जातं बऱ्याचदा. आणि त्या मुलीच्या आईशी आधी बोलून घे, तिने पण हिचं नाव लिहिलं पाहिजे. दोन्हीकडून जुळलं तर शाळेलाही सोपं.

दुसरं, एकत्र टीम मिळाली म्हणजे एकत्र वर्ग मिळाला असं नाही हे मुलीला आत्ताच सांगून ठेव. माझा मोठा आणि त्याचा मित्र एकाच टीममध्ये होते आणि वर्षभरात एक पीई (खेळाचा तास) सोडून एकही पिरियड एकत्र नव्हता. पहिल्या आठवड्यात घरी येऊन नुसता गप्प बसायचा. ऑक्टोबरपर्यंत बँडमधली दोन नवीन पोरं घरी यायला लागली. ऑर्केस्ट्रा आहे ना तिला, मग फार काळजी करू नकोस, रोज एकत्र वाजवणारी मुलं पटकन जवळ येतात.

सायन्सबाई

मेघनाताई, मी मॅसॅच्युसेट्समध्ये एका पब्लिक मिडल स्कूलला सातवीला सायन्स शिकवते आणि टीम पाडायच्या कामात दर वर्षी बसते. प्रत्येक डिस्ट्रिक्टचं थोडं वेगळं असतं पण मूळ पद्धत बरीचशी सारखी आहे म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे कॉम्प्युटर टीम ठरवत नाही, माणसं ठरवतात. वसंतात पाचवीच्या टीचर प्रत्येक मुलाचं एक कार्ड भरतात. त्यावर वाचन कसं, गणित कसं, गटात काम कसं करतो, ईएसएल आहे का, आयईपी (विशेष गरज असलेल्या मुलाला द्यायच्या मदतीची लेखी योजना) आहे का, आणि शेवटच्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या, कोणाबरोबर अजिबात नको आणि कोणाबरोबर असायलाच हवा. मग जूनमध्ये लायब्ररीतल्या लांब टेबलावर ती सगळी कार्डं मांडून कौन्सेलर, असिस्टंट प्रिन्सिपॉल, स्पेशल एज्युकेशनची टीचर आणि आमच्यातले दोघं-तिघं बसतो. कार्डं इकडून तिकडे सरकवत राहायची. दोन्ही टीमला मुलं-मुली साधारण सारख्या, तिन्ही शाळांतली मुलं दोन्हीकडे, वाचनात मागे असलेली आणि पुढे असलेली दोन्हीकडे. एखाद्या छोट्या शाळेतून चारच मुलं येत असतील तर त्यातलं एकही मूल एकटं पडणार नाही हे बघतो. एक कार्ड हलवलं की त्याच्या बदल्यात दुसरं हलवावं लागतं, म्हणून हे काम दिवसभर चालतं. तुमच्या फॉर्मवरच्या ओळी त्या कार्डाला जोडलेल्या असतात आणि त्या वाचल्या जातात, हे मी खात्रीने सांगते.

आता काय लिहायचं. मुलीचं वर्णन नको, वर्गात काय घडतं ते लिहा. ‘लाजाळू आहे’ असं शंभर कार्डांवर असतं आणि त्यावरून मला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा की स्वतःहून हात वर करत नाही पण विचारलं की नीट उत्तर देते, दोघींच्या गटात बोलते, पाच जणांच्या गटात गप्प होते, बोर्डावरच्या सूचना पटकन पुसल्या तर मागे राहते. हे वाचून मी पहिल्याच दिवशी तिला कुठे बसवायचं आणि लॅब पार्टनर कोण द्यायचा ते ठरवू शकते.

दुसरं ‘चांगली टीम’. शिक्षक या टीममधून त्या टीममध्ये हलत असतात, कोणी बाळंतपणाच्या रजेवर, कोणी आठवीला गेलेलं. गेल्या वर्षीच्या टीमचं नाव तेच राहतं पण चौघांतले दोन बदललेले असतात. त्यामुळे ग्रुपवर जे ऐकता ते बहुतेक वेळा ऑगस्टपर्यंत शिळं झालेलं असतं.

आणि टीम कशासाठी असते तेही सांगते कारण पालकांना हे कोणी सांगत नाही. आमच्या टीममधली सगळी मुलं एकाच वेळी पीई, आर्ट, म्युझिक, टेक या वर्गांना जातात आणि त्यामुळे आम्ही चौघं एकाच वेळी मोकळे होतो. तो वेळ मुलांबद्दल बोलायचा. या वर्षी एका मुलीचं मॅथचं होमवर्क येणं बंद झालं होतं. मॅथचे सर म्हणाले लक्षच नाही हल्ली. मी म्हटलं माझ्याकडे तर लॅबमध्ये सगळ्यात पुढे असते. लँग्वेज आर्ट्सच्या बाई म्हणाल्या माझ्याकडे पण मधूनच डोकं खाली घालून बसते. मग चौघांनी तिचं शेड्युल समोर ठेवलं तर सायन्स आणि सोशल सकाळी, मॅथ आणि लँग्वेज आर्ट्स लंचनंतर. कौन्सेलर दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियात जाऊन आली, ही रोज लंचला एकटी बसत होती, बरेचदा डबाही उघडत नव्हती. चार जण वेगवेगळ्या वेळी मोकळे असते तर चौघांनी आपापल्या वहीत ‘लक्ष नाही’ एवढंच लिहिलं असतं. म्हणून टीम कोणती यापेक्षा हे विचारा की तुमच्या शाळेत टीमला एकत्र बसायचा वेळ आहे का आणि आठवड्यातून किती वेळा.

मेघना_जर्सी

सायन्सबाई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ते लंचचं वाचून पोटात कालवलं, डब्याचा प्रश्न आमच्याकडेही झालाय, पोळी-भाजी नको सँडविच दे म्हणून.

अजून एक विचारू का. टीम समान पाडतात म्हणता, मग ‘सगळी हुशार मुलं तिकडे’ हे लोक का म्हणतात? एका आईने मला नावं घेऊन सांगितलं की तिच्या मुलाच्या वर्गात वर्षभर तीच पंचवीस मुलं होती, सगळ्या विषयांना, आणि ती सगळी अ‍ॅक्सलरेटेड मॅथची. ती खूश होती, पण मला ऐकून जरा विचित्र वाटलं. त्या वर्गात ईएसएलमधून आलेली एकही मुलगी नव्हती म्हणे.

सायन्सबाई

विचित्र वाटलं ते बरोबरच वाटलं. हे होतं, आणि बऱ्याचदा कोणी मुद्दाम केलेलं नसतं, वेळापत्रकातून होतं. कसं ते आकड्यांनी सांगते.

वेळापत्रक बनवताना ज्याचा एकच वर्ग आहे ते आधी ठोकून बसवावं लागतं. अ‍ॅक्सलरेटेड मॅथचा एक सेक्शन, ऑर्केस्ट्रा एकदाच, ईएसएलची टीचर एकच, स्पेशल एज्युकेशनची को-टीचर (विषयशिक्षकाबरोबर वर्गात थांबून मदत करणारी) एका वेळी एकाच खोलीत असू शकते. हे सगळं आधी, मग लंच आणि जिम, आणि उरलेल्या जागेत बाकीचं.

समजा टीममध्ये १०० मुलं, चार विषय, चार पिरियड. अ‍ॅक्सलरेटेड मॅथ दुसऱ्या पिरियडला, त्यात २५ मुलं. बाकीची ७५ त्या वेळी इतर तीन विषयांत. आता त्या २५ जणांना उरलेल्या तीन पिरियडना सायन्स, सोशल आणि लँग्वेज आर्ट्स द्यायचंय. सोपा मार्ग म्हणजे पंचवीसच्या पंचवीस उचलून एकत्र सायन्सला, मग एकत्र सोशलला. दिवसभर एकच घोळका. कॉम्प्युटरलाही ते सोपं जातं. पण दुसरा मार्ग आहे. त्यांचे आठ, आठ आणि नऊ असे तीन भाग करा. पहिल्या पिरियडला एक भाग सायन्सला, दुसरा लँग्वेज आर्ट्सला, तिसरा सोशलला, आणि पुढच्या पिरियडला फिरवा. मग मॅथपुरती ती मुलं एकत्र, आणि बाकी प्रत्येक वर्गात आठ-नऊ ही आणि सोळा-सतरा इतर. शिक्षक तेवढेच, खोल्या तेवढ्याच, पैसा जास्त लागत नाही. कोणीतरी बसून हाताने करावं लागतं एवढंच.

आमच्या शाळेत ते करतात कारण आमची मॅथची टीमलीडर या गोष्टीवर हटून बसते. कारण घोळका झाला की दुसऱ्या बाजूलाही घोळका होतो. को-टीचर एकाच खोलीत असते म्हणून आयईपीची मुलं एका सेक्शनला, ईएसएलची त्याच सेक्शनला, आणि मग त्या सेक्शनला कोणी हात वर करणारंच उरत नाही. मुलांना हे पहिल्या आठवड्यात कळतं. अकरा वर्षांच्या मुलाला कोणी सांगावं लागत नाही आपण कुठल्या वर्गात टाकलेले आहोत ते. आमच्याकडे एका वर्गात आयईपीची मुलं तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देत नाहीत, म्हणजे को-टीचरला दोन सेक्शन द्यावे लागतात आणि वेळापत्रक अवघड होतं, पण वर्ग वर्गासारखा राहतो.

तुमच्या मुलीचं मॅथ आणि ऑर्केस्ट्रा दोन्ही एकेकट्या गोष्टी आहेत, त्यामुळे तिचं निम्मं शेड्युल तिथेच ठरणार. म्हणून ‘व्हायोलिन सोडायचं नाही’ हे फॉर्मच्या पहिल्या ओळीत असू दे. ऑगस्टच्या शेवटी पोर्टलवर शेड्युल उघडल्यावर ऑर्केस्ट्रा दिसला नाही तर तेव्हा बदल करणं फार कठीण, कारण एक पिरियड हलवायचा तर बाकी चार हलतात.

आर्याची_आई

वरचं को-टीचरचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या मुलाला आयईपी आहे, आम्ही पेनसिल्व्हेनियात. ज्यांच्या मुलांना आयईपी किंवा ५०४ प्लॅन (अपंगत्व असलेल्या मुलाला शाळेत द्यायच्या सोयींची योजना) आहे त्यांनी कृपया या फॉर्मच्या भरवशावर राहू नका. फॉर्मवर लिहिलेलं म्हणजे विनंती, शाळेने नाही केलं तर काही म्हणता येत नाही. पण आयईपीच्या कागदात लिहिलेलं शाळेला बंधनकारक आहे, ते फेडरल कायद्याने आहे, ५०४ तर १९७३ च्या कायद्यातलं कलम आहे. पाचवीच्या शेवटच्या मीटिंगला मिडल स्कूलच्या माणसाला बोलवा असं लेखी मागा. आणि तिथे नुसतं ‘मदत मिळेल’ नको, कुठल्या विषयाला, कुठे, आठवड्यात किती मिनिटं हे लिहून घ्या. आमच्याकडे वर्ग बदलताना गर्दीत त्याला फार त्रास व्हायचा, तर दोन मिनिटं आधी निघायची परवानगी आम्ही कागदात घालून घेतली. चार वेगवेगळ्या शिक्षकांना दर सप्टेंबरला पुन्हा पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही.

आणि कोणी म्हणालं की तुमच्या मुलाला वेगळ्या वर्गात जास्त लक्ष मिळेल तर आधी विचारा की इतर मुलांबरोबर ठेवून, मदत देऊन का होणार नाही. शाळेने आधी तो विचार करायचा असतो, कायदा तसाच आहे.

शिरीष_सर_सातारा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात एका हायस्कूलला पर्यवेक्षक आहे, पाचवी ते दहावी. वेळापत्रक गेली बरीच वर्षं माझ्याकडेच आहे म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतोय. तिकडचं वाचून आपल्याकडचं डोळ्यासमोर आलं.

आपल्याकडे उलटं आहे. वर्ग एका जागी आणि शिक्षक फिरतात. मुलांना खोली शोधावी लागत नाही, तुकडी पाचवीत पडली की बहुतेक दहावीपर्यंत तीच, बाकावरचा जोडीदारसुद्धा तोच. मेघनाताईंच्या मुलीला ज्याची भीती वाटतेय ती आपल्या मुलांना वाटत नाही, आणि मला वाटतं हा आपल्या पद्धतीचा मोठा गुण आहे, तो घालवू नये. वर्गशिक्षक हजेरी घेतो, फी बघतो, पालक आले की त्यालाच भेटतात, मुलाचं कोणीतरी एक माणूस असतं.

पण सायन्सबाई जे सांगतात ते आपल्याकडे नाही. माझे विज्ञानाचे शिक्षक सहावीला शिकवतात तसे दहावीलाही. त्यांचा ऑफ तास आणि गणिताच्या बाईंचा ऑफ तास एकत्र यावा असं मी ठरवलं तरी जमत नाही, कारण कोणी रजेवर गेलं की पहिला बदली तास तिथेच पडतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक असं धरलंय. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरतं तेव्हा, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरला की जुलैत मांडलेलं वेळापत्रक परत पहिल्यापासून मांडायचं. त्यात एकत्र बसायचा तास कुठून आणणार.

तरी वाचून एक करावंसं वाटतंय. शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर अर्धा तास सहावीला शिकवणाऱ्या सगळ्यांनी स्टाफरूममध्ये थांबायचं आणि फक्त मुलांबद्दल बोलायचं, परिपत्रकं आणि ऑनलाइन माहिती भरणं यातलं काही काढायचं नाही. दर शनिवारी पाच मुलं. चाळीसच्या तुकडीत आठ शनिवारांत सगळी मुलं एकदा होतील. सायन्सबाई, तुमच्याकडे त्या बैठकीत बोलायला काही ठरलेला कागद असतो का? असेल तर कसा ते सांगा, मी मराठीत करून घेईन.

आणि तुकड्यांबद्दल. हुशार मुलांची अ तुकडी आणि उरलेल्यांची क हे अजून कितीतरी शाळांत चालतं, पालकच मागतात. मी आल्यावर आमच्याकडे ते बंद करून पाचवीला नावाच्या अक्षराप्रमाणे तुकड्या पाडायला लागलो. पहिली दोन वर्षं पालक भांडायला यायचे. आता क तुकडीतली मुलंही स्पर्धेला नावं देतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतोय.

सायन्सबाई

शिरीष सर, नमस्कार. अक्षराप्रमाणे तुकड्या केल्यात हे वाचून फार बरं वाटलं.

कागद अगदी साधा आहे. डावीकडे मुलाचं नाव आणि पुढे चार रकाने. कुठे चांगलं चाललंय, कुठे अडतंय, कोणाबरोबर असतो, आणि या आठवड्यात कोण काय करणार. शेवटच्या रकान्यात शिक्षकाचं नाव लिहिल्याशिवाय पुढच्या मुलावर जायचं नाही, हा आमचा नियम. ‘बघू’ असं कोणी म्हणालं की तो रकाना रिकामा राहतो आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांना दिसतो. सुरुवात ‘चांगलं’ पासूनच करा, नाहीतर अर्धा तास तक्रारीत जातो, आमच्याकडे नवीन टीममध्ये दर वर्षी पहिले दोन महिने तेच होतं. आणि ज्या मुलांबद्दल कोणालाच काही बोलायला नाही त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा. ना त्रास देतात ना चमकतात अशी. तीच मुलं आधी बघायची असतात.

गौरी_के

मी शिक्षक नाही पण आमच्या गावच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगना नेमाने जाते म्हणून पैशाची बाजू सांगते, कारण मेघनाताई तुमची मुलगी आठवीत जाईपर्यंत टीम राहील का हा प्रश्न तिथे ठरतो.

ही टीमची कल्पना नवीन नाही. आधी इथे ज्युनियर हाय असायचं, ते म्हणजे हायस्कूलचीच छोटी आवृत्ती, मूल एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, कोणालाच पूर्ण माहीत नाही. १९६३ साली विल्यम अलेक्झांडर या शिक्षणतज्ज्ञांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या भाषणात या वयाच्या मुलांसाठी वेगळी मधली शाळा हवी असं मांडलं. आणि १९८९ मध्ये कार्नेगी या संस्थेचा ‘टर्निंग पॉइंट्स’ अहवाल आला, त्यात मोठ्या शाळांचे छोटे छोटे गट करा, शिक्षक आणि मुलांच्या टीम करा, प्रत्येक मुलाला ओळखणारा एक तरी मोठा माणूस असू दे, असं स्पष्ट सांगितलं होतं.

पण टीम महाग पडते. आठ पिरियडच्या दिवसात टीमचा शिक्षक पाच वर्ग घेतो, एक पिरियड स्वतःच्या तयारीचा, एक टीमचा, एक लंच. बजेट तुटीत गेलं की पहिली नजर त्या टीमच्या पिरियडवर जाते. प्रत्येकाने सहा वर्ग घेतले तर ३० वर्गांना सहाऐवजी पाच शिक्षक पुरतात, एक पगार वाचतो. कागदावर मुलांचा एकही तास कमी होत नाही त्यामुळे पालकांना कळतही नाही. टीमची नावं तशीच राहतात, टी-शर्टचे रंग तसेच, पण आत एकत्र बसणारं कोणी नाही. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हा प्रस्ताव आला होता तेव्हा आम्ही पंधरा-वीस पालक मीटिंगमध्ये जाऊन बोललो, त्यात चार-पाच देसी घरं होती. त्या वर्षी तरी वाचला. देसी पालकांना माझं कळकळीने सांगणं आहे, आपण मॅथच्या सेक्शनसाठी जितकं भांडतो त्याच्या पाव हिस्सा तरी या एका पिरियडसाठी भांडूया. तुमचा आवाज खरंच ऐकला जातो तिथे, तीन मिनिटं मिळतात बोलायला, आधी नाव द्यावं लागतं एवढंच.

मेघना_जर्सी

सगळ्यांचे खूप खूप आभार. अनिकेतच्या सांगण्याप्रमाणे मैत्रिणीच्या आईशी बोलले, ती पण हिचंच नाव लिहिणार आहे. आज बसून फॉर्म लिहिला, इंग्रजीत लिहिलाय, मराठीत सारांश देते, कोणाला काही कमी-जास्त वाटलं तर सांगा.

एक, व्हायोलिन तिला सगळ्यात प्रिय आहे, शेड्युलमध्ये ऑर्केस्ट्रा असणं आमच्यासाठी पहिलं. दोन, ईएसएलमधून गेल्या वर्षी बाहेर पडली, वाचते इयत्तेच्या पुढचं, पण तोंडी सूचना भरभर दिल्या तर विचारत नाही, नुसती मान हलवते, लिहून दिलं की बरोबर करते. तीन, हात वर करत नाही, नाव घेऊन विचारलं तर बोलते, छोट्या गटात चांगली खुलते. चार, अमुक मुलगी एकाच टीममध्ये असेल तर बरं, एकाच वर्गात असायलाच हवी असं नाही. पाच, मॅथ सोडून बाकी विषयांना तिला सगळ्या प्रकारच्या मुलांबरोबर बसवलंत तर आम्हाला आवडेल. हे पाचवं लिहू का नको यावर नवऱ्याशी बरीच चर्चा झाली, त्याला वाटतंय शाळेला उगाच शिकवल्यासारखं होईल. आणि लंचचं काय लिहू ते कळलं नाही.

सायन्सबाई

उत्तम लिहिलंय. ते ‘नुसती मान हलवते’ आहे ना, ते वाक्य मला कार्डावर मिळालं तर मी तिच्या नावापुढे खूण करून ठेवेन, कारण मान हलली की आम्ही समजतो कळलं आणि पुढे जातो.

पाचवं नक्की ठेवा. अ‍ॅक्सलरेटेड मॅथच्या पालकांकडून शाळेला बहुतेक वेळा उलटीच मागणी येते. एखाद्या पालकाने स्वतःहून असं लिहिलं तर टेबलाशी बसलेल्या ज्या बाई आठ-आठ-नऊ करायला बघताहेत त्यांच्या हातात ते एक कागद म्हणून राहतं. शब्द जरा बदला, ‘आवडेल’ ऐवजी ‘तिला याचा फायदा होतो, एलिमेंटरीतही झाला’ असं, म्हणजे तुमचे मिस्टर म्हणतात तसं शिकवल्यासारखं वाटणार नाही.

लंचचं फॉर्मवर लिहू नका, तो फॉर्म जूनमध्ये वाचला जातो आणि सप्टेंबरमध्ये कोणाच्या लक्षात राहत नाही. शाळा सुरू झाली की दुसऱ्या आठवड्यात कौन्सेलरला छोटा मेल करा, ती लंचला कोणाबरोबर बसते एवढं एकदा बघाल का म्हणून. जास्त काही नको, दोन ओळी. बऱ्याच शाळांत कौन्सेलर लंचला थोडी मुलं आपल्या खोलीत घेऊन बसते, तिथे डब्यात काय आहे याकडे कोणी बघत नाही. आणि फॉर्म मे संपायच्या आत द्या, आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यातच कार्डं टेबलावर येतात.